बोर्टेझोमिब सुरू होताना नागिणीची गोळी का देतात आणि ती का सोडू नये

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते. आईंचं वय 61. मल्टिपल मायलोमाचं, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कॅन्सरचं, निदान नुकतंच झालंय. पुढच्या आठवड्यात बोर्टेझोमिबची इंजेक्शनं, सोबत लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन (हे स्टेरॉईड) असे उपचार सुरू होतील. चिठ्ठीवर असायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ लिहिली आहे आणि ती नागीण होऊ नये म्हणून आहे असं सांगितलंय. आईंना नागीण झालेली नाही. शेजारच्या ताई म्हणाल्या की ही गोळी किडनीला वाईट, आणि आईंचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आधीच 1.6 आहे. म्हणून घरात "झाली तर तेव्हा घेऊ" असं ठरत चाललंय. वडिलांना दोन वर्षांपूर्वी नागीण झाली होती, ती आईंना लागेल का, आणि लस घेतली तर गोळी टळेल का, हेही तुम्हाला हवंय.

मी रक्ताच्या कॅन्सरचे पेशंट बघते, त्यात मायलोमाचे पुष्कळ असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गोळी सुरू करा. किडनीची काळजी रास्त आहे, पण त्यासाठी डोस तपासून घ्यायचा असतो. गोळी सोडून तो प्रश्न सुटत नाही.

"झाली तर तेव्हा घेऊ" हे इथे का चालत नाही, ते आधी बघू. नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू बरं झाल्यावरही शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत आणि मेंदूच्या तळाशी मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथे तो आयुष्यभर निपचित पडून राहतो. त्याला तिथेच दाबून ठेवण्याचं काम रक्तातल्या टी पेशी करतात. त्या राखणदार आहेत असं समजा. वय वाढलं की हे राखणदार थकतात, म्हणून साठीनंतर धडधाकट माणसांनाही नागीण होते. आईंच्या बाबतीत वय आहेच, शिवाय मायलोमामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेली आहे, डेक्सामेथासोन ती आणखी दाबणार, आणि बोर्टेझोमिब नेमकं या टी पेशींच्याच कामात अडथळा आणतं. चारही गोष्टी एकाच वेळी.

ही नुसती भीती नाही, मोजलेली गोष्ट आहे. बोर्टेझोमिबच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांमध्ये हे औषध घेणाऱ्या साधारण 13 टक्के पेशंटना नागीण झाली. ज्यांना ते औषध नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण 4 ते 5 टक्के होतं. त्यातल्या एका चाचणीत बोर्टेझोमिब घेणाऱ्या काही पेशंटना विषाणूविरोधी गोळीही प्रतिबंधासाठी चालू होती, आणि त्यांच्यात नागिणीचं प्रमाण 3 टक्क्यांवर आलं. तेव्हापासून बोर्टेझोमिबच्या चिठ्ठीवर ही गोळी लिहिण्याची पद्धत जगभर रूढ झाली. तुमच्या डॉक्टरांनी जास्तीचं काही लिहिलेलं नाही.

प्रत्येक कॅन्सरमध्ये धोका सारखा नसतो, हेही सांगायला हवं, नाहीतर हे वाचून स्तनाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरचे पेशंट उद्या असायक्लोव्हिर मागायला जातील. सगळ्यात जास्त धोका बोन मॅरो प्रत्यारोपण झालेल्यांना. त्याखालोखाल लिम्फोमा, ल्युकेमिया, मायलोमा या रक्ताच्या आजारांत. गाठीच्या कॅन्सरमध्ये केमो चालू असताना धोका वाढतो, पण इतका नाही, आणि तिथे सरसकट गोळी देत नाहीत. उलट कॅन्सर नसतानाही किडनी प्रत्यारोपणाची औषधं, दीर्घकाळ जास्त डोसचे स्टेरॉईड, संधिवातासाठी टोफासिटिनिबसारखी औषधं किंवा एचआयव्ही असेल तर नागिणीचा धोका बराच वाढतो. आजाराच्या नावापेक्षा टी पेशींवर कशाचा आघात होतोय, हे आम्ही आधी पाहतो.

आता किडनी. शेजारच्या ताईंनी काहीतरी खरं ऐकलेलं आहे. असायक्लोव्हिर किडनीवाटे बाहेर पडतं. मोठा डोस शिरेतून भरभर दिला आणि पेशंटच्या अंगात पाणी कमी असेल, तर औषधाचे स्फटिक किडनीच्या नलिकांत अडकू शकतात. म्हणून वॉर्डात आम्ही ते तासभर सावकाश देतो आणि सोबत सलाईन चालू ठेवतो. तोंडाने 400 मिलिग्रॅम दोन वेळा हा प्रकार वेगळा आहे, डोस लहान आहे. क्रिएटिनिनचा नुसता आकडा बघून घाबरू नका. वय आणि वजन धरून क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज, काढतात, डोस त्यावर ठरतो. या लहान डोसात कपात साधारणपणे क्लिअरन्स दहाच्या खाली गेल्यावरच करावी लागते. 1.6 क्रिएटिनिन असलेली 61 वर्षांची, साधारण अंगकाठीची बाई त्यापासून बरीच दूर असते. तरी डॉक्टरांना सरळ विचारा, "आईंचा क्लिअरन्स किती आला आणि त्याप्रमाणे डोस बरोबर आहे ना?" हाच प्रश्न लेनालिडोमाइडबद्दलही विचारा, कारण त्याचा डोस क्लिअरन्स 60 च्या खाली गेला की बदलावा लागतो. मला विचाराल तर आईंच्या चिठ्ठीत किडनीच्या हिशेबाने जास्त लक्ष द्यायचं औषध ते आहे. आणि एक दिलासा: मायलोमात किडनी बिघडते ती बहुतेकदा आजारातून तयार होणाऱ्या प्रथिनांमुळे. उपचार लागू पडले की पुष्कळांचं क्रिएटिनिन खाली येतं.

पाणी भरपूर प्यायला द्या, हृदयाच्या कारणाने डॉक्टरांनी बंधन घातलं नसेल तर. गोळी चालू असताना आई अचानक गुंगीत गेल्या, असंबद्ध बोलू लागल्या, समोर नसलेलं काही दिसतंय म्हणाल्या, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. किडनी आणखी बिघडून असायक्लोव्हिर अंगात साठलं तर असं होतं. मायलोमात कॅल्शियम वाढल्यामुळेही होतं. घरी बसून यातलं कोणतं हे ओळखता येत नाही, रक्त तपासावंच लागतं.

किडनीच्या बाबतीत मला खरी भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, वेदनाशामकांची. मायलोमाच्या पेशंटला कंबर दुखते, बरगड्या दुखतात, आणि घरातलं कुणीतरी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून देतं. मायलोमाच्या किडनीला याचा घाव असायक्लोव्हिरच्या या छोट्या डोसापेक्षा कितीतरी मोठा बसतो. नागीण झाल्यावर वेदना असह्य असतात, म्हणून तेव्हा तर हमखास असलीच वेदनाशामकं घेतली जातात. आईंना दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही आधी ताप मोजून, कारण ही गोळी ताप झाकते. केमो चालू असलेल्या माणसाचा ताप लपून चालत नाही. त्यापुढचं वेदनाशामक डॉक्टरांना विचारूनच.

गोळी किती दिवस? याचं एकच उत्तर नाही. बोर्टेझोमिब चालू आहे तोवर तर हवीच, आणि ते संपल्यावरही काही आठवडे ते महिने. पुढे डाराटुमुमाब हे मायलोमाचं दुसरं औषध दिलं तर त्याच्याबरोबरही, आणि ते थांबल्यावर तीन महिने. स्वतःच्या पेशींचं प्रत्यारोपण झालं तर अनेक केंद्रांत पुढे वर्षभर देतात. घराघरांत दोन ठिकाणी गोळी सुटते. एक, इंजेक्शनला सुट्टी असलेल्या आठवड्यात: "या आठवड्यात केमो नाही, मग गोळ्याही नकोत." दुसरं, उपचार संपले त्या दिवशी, जेव्हा सगळ्याच पट्ट्या कपाटात जातात. बोर्टेझोमिबचा टी पेशींवरचा परिणाम इंजेक्शनच्या तारखेला संपत नाही. त्यामुळे डब्यात ही गोळी रोजच्या गोळ्यांच्या कप्प्यात ठेवा, केमोच्या गोळ्यांच्या कप्प्यात नको, आणि डॉक्टरांनी "आता थांबवा" असं स्पष्ट म्हटल्याशिवाय थांबवू नका. पण गोळी चालू असतानाही नागीण होऊ शकते, कमी प्रमाणात का होईना. तेव्हा ओळखता यायलाच हवी.

ओळखणं मायलोमात अवघड असतं. नागिणीची सुरुवात पुरळापासून होत नाही. आधी दोन-तीन दिवस, कधी जास्त, शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते, चमका मारतात, तिथे कपडा लागलेलाही सहन होत नाही. कातडीवर अजून काहीच नसतं. धडधाकट माणसात याला हृदयविकार, मुतखडा, पित्ताशय असं काहीही समजलं जातं. मायलोमाच्या पेशंटला मात्र पाठ-बरगडी दुखणं रोजचंच, त्यामुळे तो म्हणतो, हाडंच दुखतायत. घरचे म्हणतात, आजार वाढला वाटतं. हाडाचं दुखणं खोल असतं. हालचालीने, खोकल्याने, कूस बदलल्यावर वाढतं. नागिणीचं दुखणं कातडीच्या पातळीवर, जळजळीचं, नुसत्या स्पर्शाने उठणारं, आणि हलल्या-न हलल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. आणखी एक गोंधळ होतो: बोर्टेझोमिबमुळेही मुंग्या येतात, आग होते. पण ती दोन्ही पावलांना, पुढे दोन्ही हातांना, मोजे-हातमोजे घातल्यासारखी. एकाच बाजूच्या बरगडीखाली पट्टा असेल तर ते बोर्टेझोमिबचं काम नाही.

मग लालसर चट्टा येतो, त्यावर पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसात हे चित्र नेहमीचं नसतं. फोड एका पट्ट्यात राहत नाहीत, दोन आठवड्यांनंतरही नवे येत राहतात, कधी फारसे दुखतच नाहीत. मूळ पट्ट्यापासून लांब, अंगावर इतरत्र वीसेक फोड दिसले तर विषाणू रक्तातून पसरलाय असं आम्ही धरतो, कारण तो फुप्फुसं, यकृत, मेंदू कुठेही जाऊ शकतो. प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये तर कधी आधी जोराचं पोट दुखतं, यकृताचे रिपोर्ट बिघडतात आणि फोड नंतर येतात.

आपल्याकडे म्हणतात की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, म्हणून गेरू लावतात, मंत्र घालून नागीण उतरवतात. ही भीती मनात असलेले पेशंट मला अजूनही भेटतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो, म्हणून नागीण बहुतेक वेळा मध्यरेषेपाशी थांबते आणि जुळत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती ठीक आहे त्यांचे फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात, मग गुण मंत्राला जातो. आईंसारख्या पेशंटमध्ये मात्र ती पसरते, आणि गेरूच्या थराखाली नवे फोड दिसत नाहीत, पू झाला तरी कळत नाही. घरातल्या मोठ्यांशी वाद घालू नका. डॉक्टरांनी पाहेपर्यंत जागा कोरडी, स्वच्छ आणि उघडी ठेवा, एवढंच त्यांना पटवा.

नागीण झालीच तर काय? संशय आला त्याच दिवशी केमो देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. पुढच्या इंजेक्शनची तारीख येईल तेव्हा दाखवू, असं नको. फोडांचा स्वच्छ उजेडात फोटो काढून पाठवा. औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं. आईंसारख्या पेशंटमध्ये नवे फोड येत असतील तर त्यानंतरही सुरू करतात, "उशीर झाला, आता काय उपयोग" असं नसतं. उपचाराचा डोस प्रतिबंधाच्या डोसापेक्षा फार मोठा आहे: असायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर एक ग्रॅम तीन वेळा, निदान सात दिवस. इथे मात्र किडनीचा हिशेब खरोखर आड येतो. म्हणून घरात असलेल्या गोळ्या आपल्या मनाने वाढवू नका.

डोळ्याभोवती, कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांनीही पाहायला हवं. नाकाचा शेंडा आणि डोळा यांना पुरवठा एकाच मज्जातंतूचा असल्यामुळे तिथला फोड डोळ्याची पूर्वसूचना असते. कानात फोड आणि तोंड वाकडं होणं, अंगभर पसरणं, ताप, धाप, भ्रम, प्रचंड डोकेदुखी यांपैकी काहीही असेल तर भरती करून शिरेतूनच असायक्लोव्हिर द्यावं लागतं. बोर्टेझोमिब काही दिवस थांबवायचं का, हे तुमचे डॉक्टर ठरवतील, बहुतेक वेळा थांबवतो. डेक्सामेथासोन मात्र घरी परस्पर बंद करू नका.

इतकी धडपड कशासाठी, तर फोड गेल्यावरही राहणाऱ्या वेदनेसाठी. फोड सुकून तीन महिने झाले तरी त्या जागी आग, ठणका, चमका चालू राहतात. रात्रीची झोप जाते, अंगावर ब्लाऊज सहन होत नाही. आधीच बोर्टेझोमिबने मज्जातंतू दुखावलेल्या पेशंटला हे फार जड जातं. प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन यांनी आराम पडतो, पण पहिल्या दोन औषधांचे डोसही किडनीप्रमाणे कमी करावे लागतात, आणि तिन्हींनी गुंगी येते. मायलोमाच्या ठिसूळ हाडांना तोल जाऊन पडणं परवडत नाही. मायलोमा आटोक्यात आलेला आणि पेशंट तरीही या एका दुखण्याने बेजार, असं मी पाहिलंय. त्यापुढे रोजच्या दोन गोळ्या काहीच नाहीत.

वडिलांचं उत्तर सोपं आहे. त्यांची नागीण दोन वर्षांपूर्वी बरी झाली, त्यांच्याकडून आता आईंना काही होणार नाही. ताज्या फोडांतल्या पाण्यात विषाणू असतो, खपल्या धरल्या की संपलं. आणि फोडांच्या संपर्कातूनही दुसऱ्याला नागीण होत नाही, ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होतात. म्हणून उलट बाजूने सांभाळा: आईंना नागीण झाली तर खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवा आणि गरोदर बाई, तान्हं बाळ, केमो घेणारा दुसरा पेशंट त्यांच्यापासून लांब राहू दे. केमोसाठी डे-केअरला जाण्याआधी फोनवर कळवा, म्हणजे ते आईंना वेगळं बसवतील.

आईंना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे तुमच्या लिहिण्यात नाही. त्या पिढीत देवी, गोवर, कांजिण्या या सगळ्याची आठवण एकत्र मिसळलेली असते, म्हणून आठवणीवर फार भिस्त ठेवू नका. अँटिबॉडीची चाचणी करता येते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे नागिणीपासून संरक्षण आहे असा अर्थ काढू नका. उलट विषाणू अंगात मुक्कामाला आहे एवढंच त्यातून कळतं. निगेटिव्ह आली आणि घरातल्या एखाद्या मुलाला कांजिण्या झाल्या, तर लगेच डॉक्टरांना कळवा. अशा वेळी तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन द्यायचं का, हे ठरवायला हाताशी थोडेच दिवस असतात. घरात लहान मुलं असतील तर त्यांना कांजिण्यांची लस झाली आहे का बघा. ती सरकारी वेळापत्रकात नाही, म्हणून अनेकांची राहून जाते. घरात आई आजारी असल्या तरी मुलांना ती देता येते. नंतर मुलाच्या अंगावर पुरळ उठलं तर ते जाईपर्यंत त्याला आईंपासून दूर ठेवा.

राहिली आईंची लस. नागिणीच्या लशी दोन प्रकारच्या. जुनी जिवंत विषाणूची, ती आईंना अजिबात द्यायची नाही. दुसरी शिंग्रिक्स, तिच्यात विषाणूचं एकच प्रथिन असतं, जिवंत काही नाही. ती 2023 पासून भारतात 50 वर्षांवरच्यांसाठी मिळते. दोन डोस, नेहमी दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने, आणि प्रतिकारशक्ती कमी असेल तर एक ते दोन महिन्यांच्या अंतरानेही. पन्नाशीपुढच्या निरोगी माणसांच्या चाचणीत तिने नागीण सुमारे 97 टक्क्यांनी कमी केली. स्वतःच्या पेशींचं प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये हा आकडा 68 टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे कमकुवत शरीरातही लस काम करते, पण पूर्ण भरवसा देत नाही.

कधी घ्यायची, हे परिस्थितीवर आहे. उत्तम वेळ उपचारांच्या आधी, पण त्यासाठी मायलोमाचे उपचार महिनाभर लांबवणं मला मान्य नाही. हाडं आणि किडनी थांबत नाहीत. पुढच्या आठवड्यात सुरुवात होणार असेल तर ती होऊ द्या. काही डॉक्टर आजार आटोक्यात आल्यावर लस देतात, काही प्रत्यारोपणानंतर दोन महिन्यांच्या सुमारास. आईंचं प्रत्यारोपण होणार आहे की नाही, त्यावर हे ठरेल. खर्च मोठा आहे, त्यामुळे ज्या वेळी शरीर लशीला चांगला प्रतिसाद देईल ती वेळ साधणं शहाणपणाचं. लस घेतली तरी उपचार चालू असेपर्यंत गोळी सुटणार नाही, हे आत्ताच धरून चला. लशीनंतर दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण येते, पण आईंचा ताप 100.4 फॅरेनहाइटवर गेला तर तो लशीचाच असेल असं समजून घरी थांबू नका, फोन करा. आणि वडिलांनीही लस घ्यायला हरकत नाही. एकदा नागीण झाली म्हणजे पुन्हा होत नाही असं नसतं.

पुढच्या आठवड्यात जाताना क्लिअरन्स, असायक्लोव्हिर किती काळ, आणि रात्री-अपरात्री फोड दिसले तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, या तीन गोष्टी फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. गोळ्यांची पट्टी आज आणली असेल तर सुरुवात कधी करायची तेही आजच फोन करून विचारा. अनेक ठिकाणी पहिल्या इंजेक्शनच्या दिवसापासून किंवा त्याआधीच सुरू करतात.